चुकांचा हिशेब

अमेरिकेत नोकरीस असलेला एक माजी विद्यार्थी परवा भेटावयास आला होता. लास व्हेगास येथे व्हिडिओ पोकरच्या यंत्रावर त्याने एका रात्रीत महिन्याचा पगार घालविला होता. ‘‘सर, चूक कोठे झाली?’’ हा त्याचा प्रश्न.

चुका तीन निघाल्या. पहिली, यंत्रावरील बक्षिसांचा तक्ता न वाचण्याची. ‘जॅक्स ऑर बेटर’ या प्रकारात फुल हाउसला नऊपट व फ्लशला सहापट देणारे यंत्र, अचूक खेळल्यास, शंभरातील ९९.५४ परत करते. आठपट व पाचपट देणारे केवळ ९७.३०. दुसरी, कमी नाणी लावण्याची. रॉयल फ्लशला एका नाण्यावर २५० मिळतात, पाचांवर ४,०००. पाच परवडत नसतील तर लहान नाण्याचे यंत्र शोधावे. तिसरी, हाती आलेली गुलामांची जोडी मोडून एकाच रंगाच्या पाचव्या पानामागे धावण्याची.

मग मी त्याला कागदावर एक गणित घातले. ताशी सहाशे डाव, दर डावास सव्वा डॉलर. म्हणजे साडेसातशे डॉलरांची उलाढाल. दुसऱ्या यंत्रावर सरासरी वीस डॉलर जातात, पहिल्यावर साडेतीन. तेही निर्दोष खेळून!

‘‘म्हणजे सर, चूक न करताही हरायचेच?’’

‘‘होय. यंत्र प्रत्येक डावास पाने नव्याने पिसते. मागचे काही त्याच्या स्मरणात नसते. स्मरण आपल्याला असते, आणि गेलेले परत मिळविण्यासाठी आपण पुन्हा बसतो. तुझा पगार त्या चौथ्या चुकीने गेला.’’

त्याने तो कागद घडी करून खिशात ठेवला.