काचबिंदू, लेसर आणि चाळीस वर्षांची वाट

१/७
कोणता उपचार आधी आणि कोणता नंतर, हे पुराव्यावरून ठरते असा सर्वसाधारण समज आहे. काचबिंदूवरील लेसर उपचाराचा इतिहास या समजाला छेद देतो. तेथे रूढी आधी आली. तिची कसून परीक्षा फार उशिरा झाली.

२/७
मोतीबिंदूत डोळ्याचे भिंग गढूळ होते आणि शस्त्रक्रियेने दृष्टी परत मिळू शकते. काचबिंदूत डोळ्याची नस झिजते. गेलेली दृष्टी परत येत नाही. वैद्याच्या हाती उरते ते डोळ्यातील दाब उतरवणे.

३/७
१८५७ मध्ये बर्लिनच्या आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनी बुबुळाचा लहानसा भाग कापून दाब उतरवण्याची शस्त्रक्रिया मांडली. पुढे १८७० च्या दशकात औषधाचे थेंब आले. आधी थेंब, ते अपुरे पडल्यास शस्त्रक्रिया, असा क्रम हळूहळू रुळला.

४/७
१९६० मध्ये थिओडोर मेमन यांनी कॅलिफोर्नियात पहिला लेसर सिद्ध केला. १९७९ मध्ये अमेरिकेत वाइज आणि विटर यांनी डोळ्यातील पाण्याचा निचरा करणाऱ्या जाळीवर आर्गॉन लेसर वापरून दाब उतरवून दाखवला.

५/७
१९९० मध्ये एका अमेरिकी चाचणीचे निष्कर्ष आले. प्रत्येक रुग्णाच्या एका डोळ्यावर आधी लेसर, दुसऱ्यात आधी थेंब. लेसर कमी ठरला नाही. तरीही तो दुसऱ्या पायरीवरच राहिला. आर्गॉनमुळे जाळीवर व्रण उरत आणि परिणाम कालांतराने ओसरे. त्यामुळे तेव्हाची सावधगिरी रास्त होती.

६/७
१९९५ मध्ये लॅटिना आणि पार्क यांनी जाळीतील केवळ रंगद्रव्ययुक्त पेशींना लक्ष्य करणारी सौम्य पद्धत मांडली. मुख्य आक्षेप दुबळा झाला, क्रम मात्र टिकला. २०१९ मध्ये ब्रिटनमधील ७१८ रुग्णांची चाचणी ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. लेसरने सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे ७४ टक्के रुग्णांना तीन वर्षांनंतरही थेंबांची गरज नव्हती. २०२२ मध्ये ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांनी लेसरला पहिली पायरी दिली.

७/७
लेसर सर्व प्रकारच्या काचबिंदूंवर चालत नाही आणि त्याचा परिणामही कायमचा नसतो. परंतु थेंब आयुष्यभर, रोज घालावे लागतात. एखादा दिवस चुकला तर डोळा दुखत नाही, म्हणून हानी ध्यानात येत नाही. अशा आजारात दोन्ही पर्याय रुग्णासमोर पहिल्याच भेटीत मांडले जावेत. ‘आजवर असेच चालत आले’ हे इतिहासाचे वर्णन आहे. उपचार निवडण्याचे कारण म्हणून ते पुरेसे नाही.