नाक्यावरची पावती: कोल्हापूरचा खरा कारभारी कोण?

कोल्हापूर महानगरपालिकेच्या सभागृहाची मुदत १५ नोव्हेंबर २०२० रोजी संपली. त्यानंतर १५ जानेवारी २०२६ च्या मतदानापर्यंत, म्हणजे पाच वर्षांहून अधिक काळ, शहरात एकही नगरसेवक पदावर नव्हता. आयुक्त हेच प्रशासक होते. या काळाविषयी शहरात दोन मते हिरिरीने मांडली जातात. राज्याने कारभार हाती घेतल्यामुळे ‘ढपला’, म्हणजे मधल्यामध्ये पैसा मारणे, बंद झाले आणि तिजोरीला शिस्त लागली, हे पहिले. निवडणूक झाली, सभागृह पुन्हा भरले, म्हणजे शहर शहराच्या हाती परत आले, हे दुसरे. पहिल्या मताला प्रशासक हाच राज्यकर्ता वाटतो, दुसऱ्याला महापौर. दोन्ही मते खुर्चीवर कोण बसले आहे एवढेच पाहतात. पैसा कोणाच्या हातून आणि कोणत्या अटीवर येतो, हे दोन्हींच्या नजरेतून सुटते.

आधी कायदा पाहावा. महाराष्ट्रात शहरासाठी ‘आर्थिक आणीबाणी’ असा स्वतंत्र कायदा नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मधील कलम ४५२ नुसार अकार्यक्षम किंवा अधिकारांचा गैरवापर करणारी महापालिका राज्य सरकारला विसर्जित करता येते. मात्र राज्यघटनेच्या २४३-यू या अनुच्छेदानुसार त्याआधी तिला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते आणि विसर्जनानंतर सहा महिन्यांत निवडणूक घ्यावी लागते. कोल्हापुरात यातले काहीच झाले नाही. मुदत संपली आणि कलम ४५२-अ नुसार कारभार शासकीय अधिकाऱ्याकडे गेला. महापालिकेवर कोणी ठपका ठेवला नाही, तिची सुनावणी झाली नाही, तिजोरी बुडाल्याचे कोणी सिद्ध केले नाही. दिवाळखोरीच्या आरोपावर जे सहा महिन्यांपलीकडे चालले नसते, ते नुसत्या दिनदर्शिकेच्या आधारावर पाच वर्षे चालले. आधी करोनाची साथ, मग इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद अशी कारणे लांबत गेली. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि सप्टेंबरमध्ये ३१ जानेवारी २०२६ ही अखेरची मुदत ठरवली, तेव्हा गाडी हलली.

प्रशासक हा प्रकार कोल्हापूरला नवा नाही. १५ डिसेंबर १९७२ रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली आणि पहिली निवडणूक १९७८ साली झाली. ही महापालिका प्रशासकाच्या मांडीवरच जन्मली आहे.

शिस्तीच्या मताला थोडा आधार आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. २०१५ ते २०२० या पाच वर्षांत शहराने आठ महापौर पाहिले. कायद्यात महापौरपदाची मुदत अडीच वर्षांची असताना गटातटांच्या वाटण्यांत कोणाला सहा महिने मिळाले, कोणाला वर्ष. महापौर बदलत गेले, पण पक्षापक्षांतले ‘कारभारी’ तेच राहिले. कोल्हापूरच्या बोलीत या शब्दाला खास अर्थ आहे. पद असो वा नसो, कोणता विषय सभेत आणायचा आणि कोणता दाबायचा हे ठरवणारा तो कारभारी. ‘मंजूर, मंजूर’च्या गजरात मिनिटांत उरकलेल्या सभा शहर विसरलेले नाही.

पण म्हणून प्रशासकाच्या काळात शिस्त आली, असे ठरत नाही. त्यासाठी एखाद्या प्रस्तावाचा प्रवास पाहावा. एरवी खात्याकडून निघालेला ‘ऑफिस प्रस्ताव’ लेखा विभागाचा अभिप्राय घेऊन आयुक्तांकडे जातो, तेथून स्थायी समितीकडे आणि गरज असेल तर महासभेकडे. समितीत कोणी उपसूचना मांडतो, कोणी फाईल परत पाठवतो, कोणी स्वार्थापोटी का होईना पण विचारतो की हे दर कसे काढले. प्रशासकाच्या काळात प्रस्ताव आयुक्त म्हणून जो पुढे पाठवतो, तोच प्रशासक म्हणून त्याला मंजुरी देतो. नगरसचिवांच्या दप्तरात ‘प्रशासकीय ठराव’ म्हणून त्याची नोंद होते. अंदाजपत्रकाचेही तसेच. मांडणारा आणि मंजूर करणारा हात एकच. अशा व्यवहाराला शांतता म्हणता येईल. शिस्त म्हणजे कोणीतरी अडवू शकतो या जाणिवेने केलेले काम, आणि अडवणारा येथे कोणी नव्हता.

तिजोरीच्या हिशेबातही हे मत टिकत नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानासाठी रीतसर निवडून आलेली संस्था अस्तित्वात असणे ही अट होती. निवडणूक न घेता पैसा वाचतो असे मानणाऱ्यांनी ही अट एकदा वाचायला हवी.

शिवाय प्रशासक स्वतः तरी राज्यकर्ता होता का? मल्लिनाथ कलशेट्टी, कादंबरी बलकवडे, के. मंजुलक्ष्मी या अधिकाऱ्यांनी या काळात पदभार सांभाळला. नेमणूक मुंबईहून आणि बदलीही मुंबईहून. जुलै २०२१ मध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून ५६ फुटांवर गेली. तेव्हा आपत्तीची सूत्रे जिल्हाधिकाऱ्यांकडे होती, धरणांची दारे जलसंपदा विभागाकडे आणि अलमट्टीची कर्नाटकाकडे. शहरातल्या व्हीनस कॉर्नरला पाण्यात अडकलेल्या माणसाने दाद मागायची ती नेमकी कोणाकडे? प्रभागातल्या गटारीची तक्रारही या काळात आमदाराच्या कार्यालयात जाऊ लागली, कारण दुसरे दार उघडे नव्हते.

खरा कारभारी शोधायचा तर नाक्यावर जावे लागते. फुलेवाडीचा जकात नाका, शिरोलीचा नाका, शाहू नाका ही नावे आजही पत्त्यांत आहेत, रिक्षावाल्यांच्या तोंडी आहेत. जकात मात्र गेली. एके काळी येथे ट्रक थांबे, मालाची बिले तपासली जात, पावती फाडली जाई आणि ती रक्कम महापालिकेच्या खात्यात पडे. गळती होती, चिरीमिरी होती, रांगा होत्या. तरीही तो पैसा शहराचा होता आणि तो कसा खर्चायचा यावर मुंबईला विचारावे लागत नव्हते. २०११ साली जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी आला. व्यापाऱ्यांच्या विरोधानंतर १ ऑगस्ट २०१५ पासून वार्षिक ५० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांसाठी तो राज्याने रद्द केला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि शहराचा हा हुकमी कर कायमचा संपला. त्याबदल्यात राज्याच्या कायद्याने महापालिकांना भरपाई मिळते. २०१६-१७ चे उत्पन्न पाया धरून त्यावर दरसाल ८ टक्के वाढ, असा तो हिशेब आहे. रक्कम वेळेवर येते, हे कबूल करायला हवे. पण शहरात उलाढाल दुप्पट झाली तरी वाढ ८ टक्केच. कर बसवणारी महापालिका महिन्याच्या रकमेची वाट पाहणारी झाली.

मधल्या काळात याच वेशींवर आणखी एक पावती फाटली, टोलची. महापालिका, राज्य रस्ते विकास महामंडळ आणि आयआरबी कंपनी यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. शहरातले सुमारे ५० किलोमीटरचे रस्ते २२० कोटींत करायचे आणि कंपनीने ३० वर्षे टोल घ्यायचा, असा तो होता. टेंबलाईवाडीचा मोक्याचा भूखंडही सोबत दिला गेला. तेव्हा प्रशासक नव्हता, सभागृह होते आणि करार त्याच महापालिकेच्या नावाने झाला. ‘लोकनियुक्त सभागृह म्हणजे शहराचे राज्य’ असे म्हणणाऱ्यांनी या कराराकडे डोळेझाक करू नये. ३० वर्षांची वसुली आधीच कोणाला लिहून दिली की पुढची सहा सभागृहे त्या कागदाखालीच बसतात.

तो कागद फाडला तो रस्त्यावरच्या लोकांनी. ज्येष्ठ नेते एन. डी. पाटील, गोविंद पानसरे आणि सर्वपक्षीय टोलविरोधी कृती समिती यांच्यामागे तालीम संस्थांपासून शाळकरी पोरांपर्यंत शहर उतरले. ऑक्टोबर २०१३ मध्ये वसुली सुरू झाली, जानेवारी २०१४ मध्ये टोलनाके पेटले, न्यायालयांत स्थगिती आली आणि उठलीही. डिसेंबर २०१५ मध्ये राज्य सरकारने टोल रद्द केला. त्या विजयाची पुढची ओळ मात्र कमी वाचली जाते. रस्त्यांचे मूल्यांकन झाले आणि कंपनीचे देणे राज्याने आपल्याकडे घेतले. शहर कंपनीच्या तावडीतून सुटले ते स्वतःच्या पैशाने नव्हे. ज्याने देणे फेडले, त्याचा शब्द त्यानंतर जड झाला.

पैशापाठोपाठ सत्ता जाते, हे इतर शहरांतही दिसले. १९७५ साली न्यूयॉर्क दिवाळखोरीच्या कडेला आले, तेव्हा राज्याने वित्तीय नियंत्रण मंडळ नेमले आणि शहराचा विक्रीकर रोखेधारकांच्या हमीसाठी वळवला. महापौर होते, नगरसभा होती, पण कराची पहिली पावती दुसऱ्याच्या नावे फाटत होती. मिशिगन राज्यातील फ्लिंट शहरात तर राज्यनियुक्त आणीबाणी व्यवस्थापकांच्या कारकिर्दीत, खर्च वाचवण्यासाठी एप्रिल २०१४ पासून नदीचे पाणी देण्यात आले आणि नळांतून शिसे आले. मार्च २०१५ मध्ये नगरसभेने जुन्या पाण्याकडे परतण्याचा ठराव ७ विरुद्ध १ मतांनी केला, पण त्या वेळच्या व्यवस्थापकाने तो धुडकावला. पुढच्याच महिन्यात हा व्यवस्थापक गेला, तरी देखरेखीसाठी सल्लागार मंडळ २०१८ पर्यंत बसले होते. जवळचे उदाहरण हवे तर जळगावचे आहे. हुडकोच्या गृहनिर्माण कर्जापायी तेथील महापालिकेची बँक खाती गोठवली गेली होती. सभागृह जागेवर होते, धनादेश वटत नव्हते.

आता दुसरे मत. सभागृह आले, म्हणजे शहर परत आले? कोणते सभागृह, येथूनच प्रश्न सुरू होतो. २०१५ साली ८१ प्रभाग आणि प्रत्येकी एक नगरसेवक होता. २०२२ च्या निवडणूक-तयारीत तीन सदस्यांचा प्रभाग करून संख्या ९२ झाली. मग राज्यात सरकार बदलले, ती रचना रद्द झाली आणि अखेर २० प्रभागांतून ८१ सदस्य निवडले गेले. बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे आहेत. मतदाराने आपला नगरसेवक कोणता म्हणायचा, चौघांत कोणता रस्ता कोणाचा, हे मुंबईत ठरले. हद्दवाढीचेही तेच. स्थापनेपासून शहराची हद्द एकदाही वाढलेली नाही, ६६.८२ चौरस किलोमीटरमध्ये २०११ च्या जनगणनेप्रमाणे ५ लाख ४९ हजार लोक राहतात. शहराने ठराव केले, गावांनी मोर्चे काढले आणि राज्याने २०१७ साली ४२ गावांचे वेगळे प्राधिकरण काढून दोघांनाही घरी पाठवले. वाढते शहर हद्दीबाहेर आहे, म्हणजे वाढता घरफाळाही (मालमत्ता कर) बाहेरच.

कामांचे पाहावे तर राज्याच्या नगरोत्थान योजनेतून १०० कोटींचे १६ रस्ते मंजूर झाले ते प्रशासकाच्या काळात. काळम्मावाडीहून ५३ किलोमीटर लांबीच्या थेट पाईपलाईनने पाणी आले २०२३ च्या दिवाळीत. अशा योजनांत महापालिकेचा हिस्सा आधीच बांधलेला असतो, देखभाल तिच्याच माथी असते आणि वीजबिल दरमहा येते. नव्या सभागृहाला हे सगळे आयते मिळाले आहे, उलट फिरवण्याची मुभा जवळजवळ नाही. नोकरभरतीचा आकृतिबंधही राज्य मंजूर करते आणि आस्थापना खर्च ३५ टक्क्यांच्या आत आहे का, हे पाहून.

मग सभागृहाचा उपयोग काय? उत्तर येथून सुरू होते. राज्याच्या पैशावर चालणाऱ्या शहरात सभागृह हे मालकाचे घर नसेल, पण जाहीरपणे ‘नाही’ म्हणता येईल अशी ती एकमेव जागा आहे. टोलच्या कराराला तेथे कोणी वेळीच नडले असते, तर शहराला नाके पेटवावे लागले नसते. दुसरी गोष्ट घरफाळ्याची. शहराच्या हाती उरलेला मोठा कर तोच. भांडवली मूल्यावरची आकारणी, न लागलेल्या मिळकती, वर्षानुवर्षांची थकबाकी या विषयांवर निवडून आलेला माणूस बोलायला कचरतो, कारण मत जाते. ही भीती समजण्यासारखी आहे, पण तिची किंमत ठरलेली आहे. जो रुपया सभागृह स्वतः वसूल करत नाही, तो अटी घेऊन मुंबईहून येतो आणि पालकमंत्र्यांच्या हस्ते त्याचा नारळ फुटतो. प्रशासक घरफाळा वाढवू शकतो, पण कोणासाठी वाढवला हे लोकांना समोर बसून सांगण्याचे बंधन त्याच्यावर नाही. ते बंधन फक्त नगरसेवकावर आहे आणि त्याच्या अधिकाराचे मूळ तेथेच आहे.

राज्याकडे तरीही शेवटचे हत्यार राहतेच. कलम ४५१ नुसार महापालिकेचा ठराव सरकारला निलंबित करता येतो आणि पुढे विखंडितही करता येतो. त्यासाठी लेखी आदेश काढावा लागतो, कारण द्यावे लागते, महापालिकेचे म्हणणे ऐकावे लागते. प्रशासकाच्या ठरावावर ही वेळ सहसा येत नाही. लिहिणारा आणि तपासणारा एकाच घरचे. सभागृहाचा ठराव विखंडित झाला तर आदेश महापालिकेत येतो, नगरसचिव तो सभेत वाचून दाखवतात आणि त्याखाली सही कोणाची आहे ते शहराला दिसते.