पोखर्णीच्या फलाटावरचे पायलट जॅकेट आणि हैदराबादचे विमान

१/
गेल्या पौषातली गोष्ट. परभणी–परळी मार्गावरच्या पोखर्णी स्थानकात मी आणि माझा मामेभाऊ सकाळच्या गाडीची वाट पाहत उभे होतो. त्याच्या अंगावर नवेकोरे ‘पायलट जॅकेट’ होते: वरून तपकिरी चामड्यासारखे, गळ्याशी आणि आतून दाट पांढरट लोकर. शेजारच्या बाकावर खांद्यावर काळी घोंगडी टाकलेले एक वृद्ध धनगर बाबा बसले होते. त्यांनी बराच वेळ निरखून विचारले, “काय रे लेकरा, मेंढरू उलटं करून घातलंस काय?”

२/
फलाटावर हशा पिकला. भाऊ ओशाळून म्हणाला, “बाबा, हे पायलटचं जॅकेट हाय.” त्यावर लगेच दुसरा प्रश्न आला, “इमानात थंडी वाजती व्हय?”

दोन्ही प्रश्न थट्टेचे वाटले, तरी इतिहासाच्या विद्यार्थ्याने नेमके हेच विचारावेत. आजचा धागा त्यांच्या उत्तरांचा आहे. आणि त्यांतून निघणाऱ्या तिसऱ्या प्रश्नाचाही: या जॅकेटाचा आपल्या मुलखाशी संबंध काय? माझे मत आधीच सांगून टाकतो. संबंध आहे, आणि तो रयतेच्या खिशातून गेलेला आहे.

३/
पहिला प्रश्न: मेंढरू उलटे. बाबांचे निदान शब्दशः बरोबर होते. या प्रकारचे सर्वांत प्रसिद्ध जॅकेट लेस्ली अर्विन या अमेरिकी माणसाच्या नावाने ओळखले जाते. २८ एप्रिल १९१९ रोजी त्याने विमानातून उडी घेतली आणि हवेत असतानाच स्वतःच्या हाताने हवाई छत्री उघडून दाखवली. १९२६ मध्ये त्याने इंग्लंडातील लेचवर्थ येथे छत्र्यांचा कारखाना काढला, आणि १९३० च्या दशकाच्या आरंभी वैमानिकांसाठी मेंढीच्या कातड्याचे जॅकेट तयार केले.

४/
त्याची युक्ती साधी होती. मेंढीच्या अंगावर लोकर बाहेर असते आणि कातडे आत; जॅकेटात कातडे बाहेर आणि लोकर आत. कातडे वारा अडवते. लोकरीच्या कुरळ्या तंतूंमध्ये हवा अडकून राहते, आणि ती अडकलेली हवाच अंगाची ऊब धरून ठेवते. लोकर स्वतः उष्णता निर्माण करत नाही. ती फक्त असलेली ऊब जाऊ देत नाही.

५/
दुसरा प्रश्न: विमानात थंडी वाजते काय? वाजते, आणि जीवघेणी वाजते. दर हजार मीटर उंचीला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. जमिनीवर १५ अंश असतील, तर ६,००० मीटरवर उणे २४ च्या आसपास. परभणीच्या कडाक्याच्या थंडीत पारा पाच अंशांखाली गेला की आपण वर्तमानपत्रात बातमी वाचतो. हे लोक त्याहून तीस अंश खाली, तासन्तास, हालचालीला जागा नसताना बसून राहत.

६/
पहिल्या महायुद्धात तर वैमानिकाच्या डोक्यावर छतही नव्हते. उघड्या खोबणीत बसायचे, समोरून तुफान वारा. म्हणून मांडीपर्यंत येणारे मेंढीच्या कातड्याचे बूट निघाले. १९१७ मध्ये सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाच्या ध्यानात आले की तेला-ग्रीसने माखलेल्या कामाच्या कपड्यांत आपल्याला इतरांपेक्षा कमी थंडी वाजते. त्या निरीक्षणातून अंगभर एकसंध असा ‘सिडकॉट’ पोशाख जन्माला आला.

७/
तात्पर्य, हे जॅकेट मुळात मिरवायचे वस्त्र नव्हे. ते कामाचे कापड होते. नांगरताना डोक्याला बांधायच्या पटक्यासारखे, उसाच्या फडात घालायच्या जुन्या सदऱ्यासारखे. पुढे विजेवर तापणारे पोशाख आले, विमानाच्या आत उबदार हवा खेळू लागली आणि मेंढीच्या कातड्याचे काम संपले. काम संपल्यावर ते सिनेमात गेले, तिथून दुकानात, आणि तिथून पोखर्णीच्या फलाटावर.

८/
आता तिसरा प्रश्न. त्यासाठी १९१८ मध्ये जावे लागेल.

परभणी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती, आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत राहिली. गादीवर मीर उस्मान अली खान. पहिल्या महायुद्धात त्यांनी ब्रिटिशांना मोठे अर्थसाहाय्य केले. १९१८ मध्ये इंग्रज सरकारने त्यांना ‘हिज एग्झॉल्टेड हायनेस’ आणि ‘ब्रिटिश सरकारचे विश्वासू दोस्त’ हे किताब दिले.

९/
त्याच वर्षी ब्रिटिश हवाई दलाची ११० क्रमांकाची स्क्वाड्रन डी. एच. ९ ए या नव्या बाँबफेकी विमानांनी सज्ज झाली. पहिल्या १८ विमानांचा खर्च निजामाच्या देणगीतून झाला, आणि ही निजामाची भेट आहे असा मजकूर त्या विमानांवर रंगवण्यात आला. स्क्वाड्रनचे नावच ‘हैदराबाद’ पडले. सप्टेंबर १९१८ मध्ये ती फ्रान्समध्ये पोहोचली आणि तिथून जर्मनीतील लक्ष्यांवर हल्ले करू लागली.

१०/
त्यांतले एक विमान आजही उभे आहे. त्याचा क्रमांक एफ १०१०. ५ ऑक्टोबर १९१८ रोजी ते मोहिमेवरून परतले नाही. जर्मनांनी विमान आणि आतले दोघेही पकडले. विमान बर्लिनच्या संग्रहालयात गेले, दुसऱ्या महायुद्धानंतर पोलंडमधील क्राकोव्ह येथे राहिले, आणि १९७७ मध्ये ब्रिटनला परत आले. आज ते लंडनमधील हेंडनच्या हवाई दल संग्रहालयात आहे. उघड्या खोबणीचे, लाकडी सांगाड्याचे ते विमान हैदराबादच्या पैशाचे आहे.

११/
दुसऱ्या महायुद्धात हे नाव पुन्हा आले. १९४० च्या ‘ब्रिटनच्या लढाई’त १५२ (हैदराबाद) स्क्वाड्रन स्पिटफायर विमाने घेऊन डॉर्सेटमधील वॉर्मवेल तळावरून लढली, २५३ (हैदराबाद स्टेट) स्क्वाड्रन हरिकेन विमाने घेऊन लंडनच्या दक्षिणेकडील केन्ली तळावरून. १५२ च्या बोधचिन्हावर निजामाची दस्तार आहे आणि ब्रीदवाक्याचा अर्थ ‘विश्वासू दोस्त’.

१२/
हाच अर्विन जॅकेटचा काळ. ज्या छायाचित्रांमुळे ते जॅकेट जगभर पोहोचले, ती याच वर्षांतली, याच हवाई दलाची. म्हणजे आमच्या भावाच्या अंगावर ज्या वस्त्राची नक्कल होती, ते वस्त्र वापरणाऱ्या दलातल्या दोन तुकड्या थेट आपल्या संस्थानाचे नाव लावून उडत होत्या. मराठवाड्याच्या शाळेत शिकताना मला हे कुणी सांगितले नव्हते.

१३/
इथपर्यंत माहिती झाली, आता मत.

“निजामाने विमाने दिली” हे वाक्य व्याकरणाने बरोबर आणि इतिहासाने अपुरे आहे. संस्थानाचे सर्वांत मोठे उत्पन्न शेतसाऱ्याचे होते. दिवाणी मुलखाचा सारा सरकारी खजिन्यात जाई, ‘सर्फ-ए-खास’ मुलखाचा निजामाच्या खासगी खजिन्यात. देणगी कोणत्याही पेटीतून निघो, दोन्ही पेट्यांत पैसा पडत होता तो काळ्या रानात ज्वारी आणि कापूस पिकवणाऱ्याच्या घामाचा.

१४/
आणि ते वर्ष कोणते होते हेही पाहावे. १९१८ चा पावसाळा दख्खनमध्ये दगा देऊन गेला. त्याच शरद ऋतूत इन्फ्लुएंझाची साथ देशभर फिरली. हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या १९११ च्या जनगणनेत सुमारे १ कोटी ३४ लाख होती. १९२१ मध्ये ती सुमारे १ कोटी २५ लाख भरली. दहा वर्षांत माणसे वाढण्याऐवजी नऊ लाखांनी घटली. एफ १०१० चे पंख रंगवले जात होते तेव्हा ज्यांच्या साऱ्यातून ते रंगले, त्यांची घरे रिकामी होत होती.

१५/
निजामाविषयी समाजमाध्यमांवर दोन पक्ष ठरलेले आहेत. एक म्हणतो, “केवढा दानशूर!” दुसरा म्हणतो, “केवढा जुलमी!” दोघांच्याही वाक्यात कर्ता एकच, निजाम. रयत दोन्हीकडे गैरहजर. मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा मला अभिमान आहे. पण १७ सप्टेंबरला झेंडा फडकवून झाल्यावरही हिशेबाची ही वही उघडायची राहूनच जाते. देणाऱ्याचे नाव दुरुस्त करणे हेही मुक्तीचेच उरलेले काम आहे.

१६/
कुणी म्हणेल, परभणीचा रुपया नेमका त्या विमानातच गेला कशावरून? रुपयावर गावाचे नाव नसते हे खरे. पण मग त्यावर राजाचे एकट्याचे नाव तरी का असावे? सामाईक खळ्यातले धान्य एकाने दान केले, तर पुण्यही सामाईकच धरायला हवे.

१७/
आता पुन्हा फलाटावर येऊ. बाबांनी भावाच्या जॅकेटाची आतली लोकर दोन बोटांत धरून चोळली आणि मान हलवली. “ही लोकर नव्हं लेकरा. ह्यो दोरा हाय.” भावाने आतली चिठ्ठी पाहिली. पॉलिएस्टर. वरचे चामडेही रेक्झिनचे. त्या बाकावर अस्सल मेंढीचे एकच वस्त्र होते, आणि ते बाबांच्या खांद्यावर होते.

१८/
घोंगडीकडे आपण ‘जुने काहीतरी’ म्हणून पाहतो. वास्तविक तिचे शास्त्र अर्विनच्या जॅकेटाचेच आहे: जाड, कुरळी दख्खनी लोकर आणि तिच्यात अडकलेली हवा. धनगराने मेंढी कातरायची, घरात सूत काढायचे, सणगराने खड्ड्याच्या मागावर विणायचे, वरून चिंचोक्याची खळ द्यायची. त्या खळीने वीण घट्ट होते. पावसात तिचीच खोळ करून डोक्यावर घेतली की पाणी ओघळून जाते. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओल पोटात घेऊनही अंगाला ओली लागत नाही.

१९/
फरक एवढाच की एका कामाच्या कापडाला सिनेमाचा पडदा मिळाला आणि दुसऱ्याला मिळाला नाही. दख्खनी लोकर भरड म्हणून तिला आज गिऱ्हाईक नाही. अनेक धनगरांना कातरणीची मजुरीही त्यातून सुटत नाही. मराठीत रेंगाळलेल्या प्रश्नाला ‘भिजत घोंगडे’ म्हणतात. खुद्द घोंगडीचाच प्रश्न असा भिजत पडावा, हे दैव विचित्र खरे.

२०/
मग पोखर्णीत असे जॅकेट घालावे की घालू नये? नक्कल म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी मी सहमत नाही. पँट, शर्ट, स्वेटर हे सगळे बाहेरूनच आले आणि आपले झाले. युद्धाचा गौरव होतो हा आक्षेप अधिक गंभीर आहे. पण तो गौरव अज्ञानातून होतो, कपड्यातून नव्हे. एफ १०१० ने बाँब नेले, त्यातली दोन माणसे कैदेत पडली आणि त्याचा खर्च दुष्काळी मुलखाने सोसला, एवढे ज्याला ठाऊक आहे, त्याच्या अंगावर हे जॅकेट नुसता रुबाब म्हणून राहत नाही.

२१/
म्हणून माझे म्हणणे असे: खुशाल घालावे. (वैशाखात, नृसिंह जयंतीच्या गर्दीत मात्र नव्हे, उणे २४ साठी शिवलेले वस्त्र ४२ अंशांत घालणे हा देवाचाही छळ.) पण “पायलटचं आहे” एवढ्यावर थांबू नये. कुणी विचारले तर सांगावे, की अशा कपड्यांत उडणाऱ्यांची काही विमाने आपल्या पणजोबांच्या साऱ्यातून उडाली, आणि त्यांचे नाव कुठल्याही पंखावर लिहिले गेले नाही.

२२/
भावाने जॅकेट अजून टाकलेले नाही, आणि टाकूही नये. मात्र त्या दिवशी गाडीत बसल्यावर त्याने विचारले, “आपल्या घरी आजोबांची घोंगडी होती ना? गेली कुठं?” मामीला फोन केला. ती धान्याच्या कोठीवर अंथरली होती. तिथून काढून, झटकून, उन्हात टाकायला सांगितली आहे.

तुमच्या घरी असेल तर तिचे छायाचित्र खाली जरूर टाका. आणि ती कुणी कातरली, कुणी विणली, कितीला घेतली, हे घरातल्या थोरांना आजच विचारून लिहा. पंखावर जी नावे लागली नाहीत, ती निदान इथे तरी नोंदवू.