जोडीची गॅरंटी

माझा राग माशांवर नाही, हे आधीच सांगून टाकतो. मासे बिचारे तोंड उघडतात आणि मिटतात. त्यातून शब्दच निघत नाही, तेव्हा थाप निघण्याचा प्रश्न नाही. माझं भांडण आहे ते दीड सेंटीमीटर पिलाकडे बोट दाखवून ‘हा नर, ही मादी, जात अगासिझी, जोडी गॅरंटी!’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्या मंडळींशी. एकवीस वर्षं मी बँकेच्या काउंटरवर बसतोय. छातीठोक माणूस समोर आला की माझा हात आपोआप त्याची सही पडताळायला जातो.

विषय तसा लहान आहे. पुरता बोटभरही नाही. दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉन, ओरिनोको वगैरे नद्यांच्या खोऱ्यांत, पाचोळा साचलेल्या उथळ पाण्यात सिक्लिड कुळातले बुटके मासे राहतात. आपल्या गोव्याच्या खाडीतला कालुंदर याच कुळातला थोराड भाऊबंद. पण त्याला नर की मादी असं कोणी विचारत नाही; रवा लावायचा की रेशाद, एवढंच विचारतात.

या बुटक्यांतला सर्वांत मोठा गोतावळा ॲपिस्टोग्रामांचा. जाती नव्वदीच्या वर. 1913 साली रीगन या इंग्रज मत्स्यतज्ज्ञाने हे नाव ठेवलं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘बेभरवशाची रेषा’. रेषा म्हणजे माशाच्या कुशीवरची संवेदनांची रेषा. आता ज्याचं बारसं करणाऱ्यानेच नावात ‘बेभरवशाचा’ घातलंय, त्याची गॅरंटी हे दुकानदार कुठून आणतात?

तुम्ही म्हणाल, खुणा असतीलच की! असतात ना. काकाटुऑइडिसच्या नराच्या पाठीवरच्या परात काकाकुव्याच्या तुऱ्यासारखे काटे उभे राहतात. अगासिझीच्या नराची शेपटी टोकाकडे निमुळती होते, मादीची गोल राहते. अंडी घातली की मादी हळद लागल्यासारखी पिवळीधमक होते. पण अहो, हे सगळं वयात आल्यावर! त्याआधी सगळी पिलं सारखीच मळकट, कुशीवर एक काळपट पट्टा. कित्येक जातींच्या माद्या तर मोठेपणीही इतक्या सारख्या दिसतात की जाणकार आधी विचारतो, ‘कुठल्या नदीतली?’ आणि आमचा दुकानदार नदी सोडा, मासा पुरता न बघता सांगतो!

त्यात नरांची लबाडी. टाकीत एक दांडगा नर असला की बाकीचे तरुण नर मादीसारखे दबून राहतात. रंग नाही, तुरा नाही. दांडगा बाहेर काढा, आठवड्या-दोन आठवड्यांत यातल्याच एका ‘मादी’ला तुरा फुटू लागतो. लिंग वगैरे काही बदललेलं नसतं, साहेब रजेवर गेलेले असतात. आमच्या शाखेत हे मी दर मे महिन्यात बघतो.

आणखी एक गंमत. 1996 साली रोमर आणि बायझेनहर्ट्झ या जर्मन संशोधकांनी ॲपिस्टोग्रामाच्या तीसहून अधिक जाती तपासून दाखवून दिलं की नर-माद्यांचं प्रमाण पाण्याच्या तापमानावर हलतं. पाणी ऊन असेल तर नर जास्त निपजतात. म्हणजे मुंबईच्या उन्हाळ्यात वाढलेल्या एका विणीत नरच नर निघाले, तर दुकानदाराने प्रत्येक जोडीला माद्या काय छापून आणायच्या?

‘गिऱ्हाईक जोडीच मागतं, आम्ही काय करणार?’ हा त्यांचा बचाव. गिऱ्हाईक आमच्याकडेही पुष्कळ काही मागतं. सही जुळत नसलेल्या चेकवर पैसे मागतं. देतो का आम्ही?

‘एवढुसा मासा, एवढं काय त्यात!’ असंही म्हणतात. त्यात एवढं आहे की ‘जोडी’ म्हणून नेलेले दोन नर दीड फुटाच्या टाकीत कोंडले की दुबळा जो असतो तो पर फाटून कोपऱ्यात मरतो. घरातलं पोर विचारतं, ‘बाबा, बायको का मेली?’ आणि त्याहून वाईट म्हणजे एका जातीचा नर आणि दुसऱ्याच जातीची मादी अशी जोडी जमली, तर जवळच्या जातींत संकर होऊ शकतो. ती पिलं पुन्हा त्याच चिठ्ठीखाली विकली जातात. खोट्या नोंदीवर पुढच्या साऱ्या नोंदी बसतात. वहीतली चूक तांबड्या शाईने दुरुस्त करता येते. रक्तात मिसळलेली येत नाही.

उपाय साधा आहे. जोडी मागूच नका. एकाच विणीतली सहा पिलं घ्या, लपायला कपारी आणि झाडं असलेल्या ऐसपैस टाकीत सोडा आणि तीन-चार महिने थांबा. मुदत ठेवीसाठी पाच-पाच वर्षं थांबणारी माणसं आपण! दुकानदारानेही चिठ्ठीवर खुशाल लिहावं : ‘ॲपिस्टोग्रामा, जात अनिश्चित, लिंग कळायचंय.’ बँकेत धनी न सापडलेल्या रकमेसाठी सस्पेन्स खातं असतं. रक्कम तिथे निमूट पडून राहते, खरा धनी कळेपर्यंत. तिला कोणी घाईघाईने दुसऱ्याच्या नावावर टाकलं, तर त्याला आमच्याकडे हुशारी म्हणत नाहीत, अफरातफर म्हणतात.