शालेय कबड्डीला साखळीच हवी

15 जुलै हा कबड्डीमहर्षी शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचा जन्मदिवस. महाराष्ट्रात तो कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. याच सुमारास गावोगावच्या शाळांत संघ बांधायला घेतले जातात. पावसाने माती मऊ झालेली असते, पाचवी-सहावीची नवी मुले मैदानावर आलेली असतात आणि तालुका स्पर्धा तोंडावर असते. अशा वेळी प्रत्येक क्रीडाशिक्षकापुढे एक प्रश्न असतो: या मुलांना बचाव कुठून शिकवायला सुरुवात करायची? आमचे उत्तर स्पष्ट आहे. सुरुवात हाताच्या साखळीपासून करा.

हे मुद्दाम सांगण्याची वेळ आली आहे. 2014 साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि खेळाला घराघरांत मान मिळाला. ज्या पालकांना कबड्डी म्हणजे गुडघे फोडून घेणे वाटत होते, ते मुलांना स्वतःहून मैदानावर सोडू लागले. या उपकाराची जाणीव ठेवूनच पुढचे लिहितो आहोत. पडद्यावर मुलांच्या डोळ्यांत भरते ती एकट्याने मारलेली घोटा पकड, कोपऱ्यातून घेतलेली झेप आणि चढाईपटूला थेट बाहेर उडवणारी धडक. दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानावर तेच सुरू होते. पण घोटा पकडीत डोके चढाईपटूच्या गुडघ्याजवळ जाते. खांद्यात आणि मानेत पुरेसे बळ नसलेल्या तेरा वर्षांच्या मुलाने ती मारली, तर गुण मिळो न मिळो, तोंडावर गुडघा बसण्याची भीती खरी असते. एकदा लागले की ते मूल पुढची दोन वर्षे पकडीला हातच घालत नाही.

साखळीत असे होत नाही. 13 बाय 10 मीटरच्या मैदानात एका संघाच्या वाट्याला साडेसहा मीटर खोलीचे अंगण येते. त्यात सात जण उभे राहतात: दोन कोपरे, त्यांच्या शेजारी दोन इन, मग दोन कव्हर आणि मधोमध मध्यरक्षक. कोपरा आणि इन यांची एकेक जोडी, मधल्या तिघांची तिसरी साखळी. दोन-तीन-दोन. चढाईपटू डाव्या कोपऱ्यावर गेला की डावी जोडी मागे सरकत त्याला आत ओढते, मधले तिघे मध्यरेषेच्या बाजूने वळून परतीची वाट बंद करतात आणि उजवी जोडी मोकळी झालेली जागा भरते. यात कुणा एकाच्या ताकदीची परीक्षा नसते. वर्गातला सर्वांत हडकुळा मुलगाही वेळेवर दोन पावले टाकून धिप्पाड चढाईपटूला अडवण्यात आपला वाटा उचलतो. शाळेच्या संघात सातही मुलांना काम देणारी दुसरी रचना आम्हाला माहीत नाही.

शिवाय साखळी मुलांना बघायला शिकवते. कधी मिटायचे, हे चढाईपटूच्या पायावरून ठरते. त्याचे वजन पुढच्या पायावर गेले, की ती वेळ आली. बोनससाठी तो एक पाय बोनस रेषेपलीकडे टाकून दुसरा उचलतो, तेव्हा क्षणभर एकाच पायावर असतो. साखळीसाठी याहून चांगली संधी नाही. एकाच गोष्टीकडे बघा आणि तिच्यावरून निर्णय घ्या, एवढा सोपा नियम मुले लवकर आत्मसात करतात.

शालेय खेळात जुनी रचना टिकून राहण्याचे असेच उदाहरण अमेरिकेत आहे. तिथल्या फुटबॉलमध्ये, म्हणजे अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावण्याच्या खेळात, 1968 साली टेक्सास विद्यापीठाच्या संघाने विशबोन नावाची आक्रमणाची मांडणी आणली. ती आखणारा एमरी बेलार्ड अनेक वर्षे शालेय संघांचा प्रशिक्षक होता. चेंडू घेणाऱ्याच्या मागे तीन धावपटू उभे. चेंडू पहिल्याला द्यायचा, स्वतः घेऊन पळायचे की बाहेरून धावणाऱ्याकडे फेकायचा, हे समोरच्या एकेका बचावपटूच्या हालचालीवरून ठरायचे. सुरुवातीचे दोन सामने जिंकता आले नाहीत. त्यानंतर टेक्सासने सलग 30 जिंकले. व्यावसायिक संघांत ही मांडणी रुजली नाही, मोठ्या विद्यापीठांनीही पुढे ती सोडली. तरीही अनेक शाळा आजही तिच्याच वळणाने खेळतात. लांब आणि अचूक फेक करणारा मुलगा प्रत्येक शाळेला दरवर्षी मिळत नाही. शिस्तीने धावणारी आणि एकमेकांसाठी वाट मोकळी करणारी मुले मात्र मिळतात. आपल्या साखळीचे बळ नेमके इथेच आहे.

साखळीच्या उणिवाही नीट ओळखाव्या लागतात. ती फसली तर महागात पडते, कारण झटापटीत चढाईपटूला स्पर्श झालेले सगळे बाद होतात. एका चढाईत तीन गुण गेले की लोणाची टांगती तलवार आलीच. प्रदीप नरवालने डुबकी मारून हाताखालून निसटण्याचे तंत्र देशभर पोहोचवले, ते उंच धरलेल्या हातांच्या उणिवेवरच. गुडघ्यात वाकलेली आणि हात कमरेच्या खाली ठेवणारी साखळी सहसा अशी फसत नाही. साथीदाराला खेचणे, चढाईपटू खोल येण्याआधीच मिटणे आणि एकाने धरल्यावर बाकीच्यांनी बघत राहणे, हे तीन दोष सरावात रोज दिसतील. ते शिकवणाऱ्याने दुरुस्त करायचे आहेत. त्यांच्यासाठी रचनेला बोल लावण्यात अर्थ नाही.

सरावाबद्दल काही आग्रहाच्या सूचना. पहिले काही आठवडे चढाईपटूशिवाय नुसती साखळी हलवायला शिकवा: डावीकडे, उजवीकडे, मागे आणि मिटत पुढे. मुलांना एकमेकांचे मनगट धरायला सांगा. बोटांत बोटे अडकवू देऊ नका, ती मुरगळतात. मग चालत येणारा चढाईपटू द्या आणि शेवटी पूर्ण वेगाची 30 सेकंदांची चढाई. प्रत्येक मुलाला कोपऱ्यातही उभे करा आणि मध्येही. गडी कमी झाल्यावर साखळी कशी बदलते, याचा वेगळा सराव घ्या. पाच जण असतील तर दोन-एक-दोन, चार असतील तर दोन जोड्या, आणि तीनच उरले तर अव्वल पकडीचा जादा गुण मिळवण्यासाठी तिघांनी एकत्र कधी उठायचे. इतके पक्के झाले, शरीर भरले, पडण्याचे तंत्र बसले, की घोटा, मांडी आणि कंबर पकड शिकवा. साखळीत वाढलेल्या मुलाने मारलेली घोटा पकड अधिक खात्रीची असते, कारण मदत कुठून येणार हे त्याला ठाऊक असते.

स्पर्धांच्या संयोजकांनाही एक विनंती आहे. शालेय गटात उत्कृष्ट चढाईपटू आणि उत्कृष्ट पकडपटू यांच्या जोडीला उत्कृष्ट बचाव करणाऱ्या संघाला एक बक्षीस ठेवा. मुले ज्याचे कौतुक होते तेच शिकतात, आणि शिक्षकही त्यालाच अधिक वेळ देतात.

तालुका स्तरावर उतरणाऱ्या संघांतली बहुतेक मुले पुढे व्यावसायिक कबड्डी खेळणार नाहीत. त्यांच्या वाट्याला शाळेची ही तीन-चार वर्षेच येतील. त्या वर्षांत प्रत्येकाला मैदानावर आपली गरज आहे हे कळले पाहिजे आणि इजेच्या भीतीने कुणी खेळ सोडता कामा नये. या दोन्ही गोष्टी साखळी देते, म्हणून या हंगामात आपल्या शाळेचा पहिला धडा तोच असावा.