नेत्यांचे वाद आणि गावातले अबोले

शनिवार-रविवारच्या पुरवण्यांमध्ये जुन्या नेत्यांच्या मैत्रीवरचे लेख येतात, ते मी आवर्जून वाचतो. विलासराव देशमुख आणि गोपीनाथ मुंडे यांची दोस्ती हा त्यातला सगळ्यांच्या आवडीचा विषय. एक काँग्रेसचा, दुसरा भाजपचा; लातूर आणि बीड शेजारचे जिल्हे; प्रचारात एकमेकांवर तुटून पडले, पण मैत्रीला धक्का लागू दिला नाही. शरद पवार आणि बाळासाहेब ठाकरे यांचंही तसंच. 2006 मध्ये पवारांच्या कन्या सुप्रिया सुळे राज्यसभेला उभ्या राहिल्या, तेव्हा बाळासाहेबांनी त्यांना पाठिंबा दिला. हे वाचताना मलाही बरं वाटतं. पण त्या नेत्यांसाठी खाली गावोगाव जे भांडले, त्यांच्या मैत्रीचं पुढे काय झालं, हे या लेखांत कधी येत नाही.

आमच्या पुणतांब्याला हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे. आमचा तालुका राहाता, म्हणजे राधाकृष्ण विखे पाटलांचा. विधानसभेचं मतदान मात्र कोपरगाव मतदारसंघात, जिथे लढत काळे आणि कोल्हे या घराण्यांची. त्यात काँग्रेसच्या बाळासाहेब थोरातांना मानणारेही आहेत. एवढ्या गटांत वाटलेल्या गावात लग्नाच्या पंगतीला कोण कोणाशेजारी बसणार, हेसुद्धा गटावरून ठरतं.

2019 च्या विधानसभेला राष्ट्रवादीच्या आशुतोष काळे यांनी भाजपच्या स्नेहलता कोल्हे यांचा अवघ्या 822 मतांनी पराभव केला. निकाल इतका काठावर लागला की गावागावात घरं मोजली गेली. कोण फिरला, कोणी घात केला, याची चर्चा महिनोन् महिने चालली. शाळेपासूनचा माझा एक मित्र आहे. शेताला शेत लागून आहे. मी एका गटाचा, तो दुसऱ्याचा. त्या निकालापासून आमचं बोलणं बंद झालं, ते अजून बंदच आहे. आमच्या गावात अशा जोड्या कितीतरी आहेत.

आणि वर काय झालं? जुलै 2023 मध्ये राष्ट्रवादीतला अजित पवारांचा गट सरकारमध्ये गेला आणि काळे-कोल्हे एकाच महायुतीत आले. 2024 च्या विधानसभेला कोल्हे घराण्यातलं कोणीच उभं राहिलं नाही. त्याच्या आदल्या वर्षी, राहात्याच्या गणेश साखर कारखान्याच्या निवडणुकीत भाजपचे विवेक कोल्हे आणि काँग्रेसचे बाळासाहेब थोरात यांनी मिळून भाजपच्याच विखे पाटलांच्या गटाला हरवलं होतं. 1991 च्या नगर लोकसभा निवडणुकीत बाळासाहेब विखे आणि यशवंतराव गडाख यांच्यात झालेला वाद तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1993 मध्ये गडाखांची निवड रद्द ठरली. त्या खटल्यात शरद पवारांचंही नाव ओढलं गेलं. विखे-पवार घराण्यांच्या वैरावर आमची एक पिढी पोसली गेली. पुढे राधाकृष्ण विखे आणि अजित पवार एका मंत्रिमंडळात बसलेले आम्ही पाहिले. नेत्यांनी जुळवून घेतलं याचं मला वाईट वाटत नाही. आम्हाला मात्र जुळवून घ्या म्हणून सांगायला कोणी आलं नाही, याचं वाटतं.

काही जण म्हणतील, तुम्हाला कोणी भांडायला सांगितलं होतं? या प्रश्नाचं खरं उत्तर उसात आहे. ऊसतोड वेळेवर मिळणं, सोसायटीचं कर्ज, पोराची कारखान्यातली किंवा संस्थेतली नोकरी, हे सगळं गटाशी बांधलेलं आहे, असं शेतकरी मानतो आणि अनुभवानं मानतो. ऊस वाळत उभा असताना माणूस मित्राकडे बघत नाही, गटाकडे बघतो. त्यामुळे हा दोष शेतकऱ्याच्या स्वभावावर टाकून मोकळं होता येणार नाही.

याच गावानं एकदा गट बाजूला ठेवले होते. एप्रिल 2017 मध्ये ग्रामसभेत संपाचा ठराव झाला आणि 1 जूनपासून शेतकऱ्यांनी दूध-भाजीपाला शहरात पाठवणं बंद केलं. सगळ्या पक्षांची माणसं एका मांडवात बसली. मग 3 जूनच्या पहाटे मुंबईत मुख्यमंत्र्यांशी बोलणी करून संपाच्या समितीतल्या काहींनी संप मागे घेतल्याचं जाहीर केलं आणि पुढारी कोण, यावरून फूट पडली. संप इतरांनी चालू ठेवला, 24 जूनला 34 हजार कोटींची कर्जमाफीही जाहीर झाली. पण एका मांडवातली ती माणसं पुन्हा आपापल्या गटांत गेली. संपाचं ते सर्वांत मोठं नुकसान, असं माझं मत आहे.

म्हणून दोन मागण्या. जिल्ह्यातल्या प्रत्येक कारखान्यानं लागवडीच्या तारखेप्रमाणे तोडीची यादी गावोगाव चावडीवर लावावी आणि तोड त्याच क्रमानं द्यावी. सोसायटीनं कर्जमंजुरीची यादीही तशीच लावावी. तोड गटावर अवलंबून नसेल, तर निम्मे अबोले आपोआप सुटतील. दुसरी मागणी नेत्यांकडे: एकमेकांशी हातमिळवणी कराल, त्याच आठवड्यात दोन्ही बाजूंच्या कार्यकर्त्यांना गावात एकत्र बसवा आणि त्यांच्यासमोर सांगा की भांडण मिटलं.

आणि माझ्यासारख्या वाचकांना विनंती: नेत्यांच्या निरोपाची वाट पाहू नका. मी हे पत्र पाठवून त्या मित्राच्या घरी जाणार आहे. तुम्हीही जा.

— एक शेतकरी वाचक, पुणतांबा, ता. राहाता, जि. अहिल्यानगर