मारण्याआधी एक फोटो काढा!

मैत्रिणींनो, मागच्या हिवाळ्यात माझ्या हातून एक चूक झाली. ती तुमच्या हातून होऊ नये म्हणून आजचा हा प्रपंच.

सासरी गावी गेले होते. परसातल्या वालाच्या वेलावर काळा मावा पडलेला. त्यातच काळ्या अंगाचे, नारिंगी ठिपक्यांचे, सुसरीच्या पिल्लासारखे किडे फिरत होते. 'हेच वेल खाताहेत' म्हणून मी फडक्याने सगळे पुसून काढले. आठवड्यात मावा शेंड्यापर्यंत चढला नि फुलं गळाली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण वालाची भाजी काही झाली नाही! मागाहून कळलं, ती लेडीबर्डची, म्हणजे आपल्या ढालकिड्याची पिल्लं होती. मावा हेच त्यांचं अन्न!

तेव्हापासून नियमच केला: आधी फोटो, मग निर्णय. साधा मोबाईल पुरतो. सकाळी लवकर जावं. गारव्यात हे किडे सुस्त असतात. पान हलू नये म्हणून देठ अलगद धरावा. धक्का लागला तर किडा पाय मिटून खाली पडतो. ऊन असेल तर पदराची सावली करावी, म्हणजे पाठ चकाकत नाही. एक फोटो वरून, एक बाजूने, एक पानाच्या मागचा. पिवळी अंडी तिथंच झुबक्याने उभी असतात. झाडाचं नावही टिपून ठेवावं.

मग फोटो मोठा करून पाहा. तुकतुकीत लाल पाठीवर ७ ठिपके किंवा नागमोडी काळ्या रेघा असल्या तर तो आपला मित्र. पाठ निस्तेज, बारीक लव असलेली, ठिपके २८ पर्यंत आणि वांग्याच्या पानांची जाळी झालेली, तर तो पानं खाणारा. त्याची पिल्लं पिवळी, काटेरी असतात. ती वेचून साबणाच्या पाण्यात टाकावीत.

या नादात यंदा एक नवल सापडलं. भोपळ्याच्या पानावर लिंबासारखा पिवळा ढालकिडा, पाठीवर एकही ठिपका नाही; फक्त मानेपाशी पांढऱ्यावर दोन काळे टिंब. हा चक्क पानावरची भुरी खातो!

हाताळताना बोटाला पिवळा, उग्र वासाचा रस लागला तर घाबरू नका. तो त्याच्या पायांच्या सांध्यांतून येतो. हात धुतले की झालं.

आता परसात काही वळवळलं की सासूबाईच हाक मारतात, "अगं, फडकं नको, मोबाईल आण!"